बर्फाची टेकडी आणि आपलं मैदान



गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मी अमेरिकेत होते. मुलीचं दुसरं बाळंतपण होतं, त्यासाठी गेले होते. परत आल्यापासून गटाच्या बैठकीत, एसटीत, अगदी पिठाच्या गिरणीवरसुद्धा एकच प्रश्न. "तिकडं काय काय बघितलंस?" मी सांगते, एक टेकडी बघितली. बायका हसतात. एवढं विमानात बसून गेलीस आणि टेकडी बघून आलीस? टेकड्या काय आपल्या माण तालुक्यात कमी आहेत?

म्हणून आज रेडिओवर बसून ती टेकडी नीट सांगणार आहे. त्या टेकडीवर मला माझी एक जुनी चूक दिसली. आधी ती सांगते.

माझी मुलगी नववीत असताना खोखो खेळायची. पळायला चपळ, आणि खांबापाशी अशी वळायची की बघत राहावं. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. सामने परगावी होते, दोन रात्रींचा मुक्काम. त्याच आठवड्यात ती गुडघा फोडून घरी आली होती. मी म्हणाले, "बास झालं आता. हातपाय मोडले तर उद्या कोण करून घेईल तुला?" तिचे वडील पाठवायला तयार होते. मीच अडवलं. ती रडली नाही, भांडली नाही. बूट धुतले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर ठेवले. पुन्हा मैदानात गेली नाही. पुढं शिकली, नोकरी लागली, लग्न झालं, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेली. मला वाटायचं, ती हे कधीच विसरून गेली असेल.

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून आहे. हिवाळा असा की तळी गोठतात आणि लोक त्या गोठलेल्या तळ्यांवर गाड्या नेऊन मासे पकडत बसतात. माझी नात तिकडं अकरा वर्षांची आहे. ती जवळच्या टेकडीवरच्या एका क्लबात स्कीच्या शर्यती शिकते.

स्की म्हणजे काय ते सांगते. पायात जाड, टणक बूट घालायचे, त्यांना लांब निमुळत्या दोन पट्ट्या अडकवायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. शर्यतीत नुसतं घसरून चालत नाही. उतारावर लाल आणि निळे दांडे रोवलेले असतात. त्यांना गेट म्हणतात. नागमोडी वळत एकेका गेटमधून जायचं. एक जरी गेट चुकलं तरी ती फेरी बाद. गेट जवळजवळ असतील आणि झटपट वळावं लागत असेल तर ती स्लॅलम. गेट लांब लांब असतील आणि वेग जास्त असेल तर ती जायंट स्लॅलम. याहून वेगाच्या शर्यतीही असतात. सर्वांत वेगाची डाउनहिल, त्यात मोठे खेळाडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं जातात. पण ते मोठ्या डोंगरांवर. आमच्या नातीच्या टेकडीवर स्लॅलम आणि जायंट स्लॅलमच. मुलांचे गट वयावर केलेले असतात. आठ वर्षांखालचे, दहाखालचे, बाराखालचे, मग चौदा, सोळा असे वर वर. मुली आणि मुलगे सराव एकत्र करतात, निकाल मात्र वेगळे लागतात.

मी ऑक्टोबरमध्ये पोचले तेव्हा बर्फाचा पत्ता नव्हता. तरी क्लब सुरू झाला होता. मुलं गवतावर पळायची, एका पायावर तोल धरायची, खोक्यावरून खाली उड्या मारायची. त्यांच्या कोच म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. उडीनंतर गुडघे वाकलेले हवेत, आणि ते एकमेकांकडं आत झुकता कामा नयेत. मी मुलीला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "आई, वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातला आतला बंध तुटायचा धोका मुलग्यांपेक्षा जास्त असतो. फुटबॉल असो, स्की असो. उडी मारल्यावर पाय कसा टेकायचा हे शिकवलं आणि मांड्या मजबूत केल्या तर तो धोका कमी होतो." मग त्या बाईंनी मुलांना पडायला शिकवलं. पडताना हात पुढं ताठ करायचे नाहीत, अंग चोरून कुशीवर पडायचं, आणि पडल्यावर आधी मागं-पुढं बघून मगच उठायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पडायचं शिकवताना बघितलं. आपण मुलींना एवढंच सांगतो, पडू नकोस.

हा खेळ स्वस्त नाही. पट्ट्या, बूट, काठ्या, हेल्मेट, गरम कपडे, शिवाय फी. मुलं वाढत्या अंगाची, यंदाचे बूट पुढच्या वर्षी होत नाहीत. यावर क्लबची तोड अशी, की दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका हॉलमध्ये जुन्या सामानाचा बाजार भरवायचा. मोठ्या मुलांचं सामान लहान मुलं घेतात, आणि पुढच्या वर्षी आपलं तिथंच विकतात. नातीचे बूट आधी दोन मुलींनी वापरलेले होते. पण हेल्मेट जुनं घ्यायचं नाही, हा नियम. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतून निकामी झालेलं असू शकतं. आपल्या घरातल्या मोटारसायकलच्या हेल्मेटलाही हे लागू आहे बरं का.

पट्ट्यांची निगा घरीच. एका रात्री जावईबापू इस्त्री घेऊन गाडीच्या शेडमध्ये निघाले. मी म्हटलं, इस्त्री कशाला? तर पट्टीच्या तळाला मेण लावायचं असतं. इस्त्रीनं मेण वितळवून पसरायचं, थंड झालं की खरवडून काढायचं आणि ब्रशनं घासायचं. मग पट्टी बर्फावर नीट सरकते. पट्टीच्या दोन्ही कडांना लोखंडी धार असते, ती कानशीनं लावायची. विळ्या-खुरप्याला धार लावण्यात माझा जन्म गेला. मी म्हटलं, आणा इकडं ती कानस. त्या दिवसापासून धारेचं काम माझ्याकडं आलं.

डिसेंबरात नातू झाला आणि बर्फही आला. आभाळातून पडतो तो पुरत नाही, म्हणून पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवून यंत्रानं बर्फ करतात. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव. थंडी शून्याखाली पंधरा अंश. मी जावयांबरोबर जायचे, दोन स्वेटर, त्यावर जावयांचा जाड कोट, पिशवीत चहाचा थर्मास.

आता ती टेकडी. मला वाटलं होतं, हिमालयासारखं काहीतरी असेल. बघते तर काय, आपल्या अजिंक्यताऱ्यापुढं ती एक पायरी. वर जायला एक फिरता दोर. तो हातात पकडायचा, की तो मुलांना ओढत वर नेतो. खाली यायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. आली की पुन्हा दोर, पुन्हा वर. एका संध्याकाळी मी मोजलं, नात चोवीस वेळा खाली आली. दर फेरीनंतर कोचबाई एकच गोष्ट सांगायच्या. "या वेळी नजर पुढच्या गेटवर ठेव." एवढंच. पुढच्या फेरीला दुसरं एक. दहा चुका एकदम कधी सांगितल्या नाहीत.

मी जावयांना म्हटलं, एवढ्याशा टेकडीवर शिकून काय होणार? ते म्हणाले, "आई, इथून जवळच बर्न्सव्हिल गावात बक हिल नावाची टेकडी आहे. तीही सुमारे ३०० फुटांचीच. तिथं ऑस्ट्रियात जन्मलेले एरिक सेलर नावाचे कोच कित्येक वर्षं मुलांना शिकवत होते. त्याच टेकडीवर लिंडसी व्हॉन लहानाची मोठी झाली." लिंडसी व्हॉनचं नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये तिनं डाउनहिलचं सुवर्णपदक जिंकलं, आणि २०१९ पर्यंत विश्वचषकाच्या ८२ शर्यती जिंकल्या. पुढं ती मोठ्या डोंगरांवर गेली हे खरं. पण वळायला शिकली ती ३०० फुटांवर. लहान टेकडीचा फायदाच हा, की फेऱ्या भरपूर होतात. मोठ्या डोंगरावर वर जाण्यातच निम्मा वेळ जातो.

शर्यतीचा दिवस तर मी विसरणार नाही. पहाटे उठून जायचं. शर्यतीआधी मुलं हळूहळू गेटांच्या बाजूनं खाली येतात आणि प्रत्येक वळण मनात साठवतात. डोळे मिटून हात हलवत, जणू आरती पाठ करतायत. मग छातीवर नंबराचं कापड बांधून एकेकानं निघायचं. फेऱ्या दोन, दोन्हींची वेळ मिळवायची. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात.

आणि हे सगळं चालवतं कोण? आईबाप. पगारी माणसं म्हणजे कोच, तीही मोजकीच. बाकी कुणाची आई गेटांपाशी कागद घेऊन उभी, कोण गेट चुकलं ते लिहायला. कुणाचा बाप खाली घड्याळापाशी. कुणी विस्कटलेला बर्फ सारखा करतंय. कुणी सूप वाटतंय. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घराकडून एक ठरावीक रक्कम अनामत घेतात. ठरलेले दिवस काम केलं की परत, नाही केलं तर क्लबला जमा. आपल्या गटात बैठकीला न येणाऱ्या बाईला दंड असतो ना, तसंच. मी पाहुणी, तरी मला सोडलं नाही. शर्यत संपली की नंबरांची कापडं गोळा करायची, मोजायची, घरी नेऊन धुवायची, नंबरवार लावून परत द्यायची. इंग्रजी येत नसली तरी एक ते ऐंशी मला लावता येतात. ते काम मी तीन शर्यतींना केलं.

आता जे सांगायला आले ते सांगते.

जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी नात दुसऱ्या फेरीला पडली. पट्टीचं टोक दांड्याला अडकलं, ती उलटली आणि डोकं कडक बर्फावर आपटलं. हेल्मेट होतं. उठली, हात केला, "मी ठीक आहे" म्हणाली. रक्त नाही, टेंगूळ नाही. कोचबाई मात्र पळत आल्या. बसवलं आणि प्रश्न विचारायला लागल्या. आज वार कोणता? पहिल्या फेरीत काय झालं? नातीनं उत्तरं दिली, पण मग तिनंच विचारलं, "माझी दुसरी फेरी कधी आहे?" दोन मिनिटांनी पुन्हा तेच. कोचबाईंनी तिच्या पट्ट्या काढून घेतल्या. आजची शर्यत बंद, उद्याचीही बंद, आणि डॉक्टरनं लेखी दिल्याशिवाय बर्फावर यायचं नाही.

रविवारची शर्यत तिची वर्षातली सर्वांत आवडती होती. पोरगी हमसून हमसून रडली. जावई म्हणाले, "उद्या सकाळी बरी वाटली तर बघू का?" कोचबाई शांतपणे म्हणाल्या, "नाही." मला त्या वेळी त्यांचा राग आला. नंतर मुलीनं समजावलं. डोक्याला मार बसला की हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला मेंदू हादरू शकतो. बाहेरून काही दिसत नाही. तो बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर फार वाईट होऊ शकतं. म्हणून तिथं नियमच आहे. शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत घेत नाहीत. आईबाप कितीही म्हणोत.

त्या रात्री नात झोपल्यावर मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते. मुलगी बाळाला पाजत बसली होती. मी म्हटलं, "आता बास झालं. सोडव हिला हे. मुलीची जात आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, हेच तू मला म्हणाली होतीस. माझा तर नुसता गुडघा फुटला होता."

मी म्हटलं, "काळजीपोटी म्हणाले गं."

ती म्हणाली, "माहीत आहे. पण आज ती पडली तेव्हा काय करायचं हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बघायचं, काय विचारायचं, कधी थांबवायचं, कधी परत घ्यायचं. माझ्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं. म्हणून तू खेळच बंद केलास."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पीठ मळत राहिले. तिनं पंचवीस वर्षांत एकदाही हा विषय काढला नव्हता, आणि त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

नात दोन दिवस घरी निवांत होती. मग शाळा, मग चालणं, मग हलकं पळणं, त्रास होत नाही असं बघत एकेक पायरी. डॉक्टरचं पत्र मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती टेकडीवर गेली. फेब्रुवारीच्या शेवटच्या शर्यतीत तिचा नंबर सव्विसावा आला. पण दुसरी फेरी पहिलीपेक्षा अर्ध्या सेकंदानं लवकर झाली, म्हणून घरी येईपर्यंत बडबड थांबली नाही. मी मागच्या सीटवर नंबरांच्या कापडांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते.

मैत्रिणींनो, बर्फ आपल्याकडं येणार नाही. आपल्या देशात तो काश्मीरला, हिमाचलला, उत्तराखंडला आहे, आणि तिथंही मुली पुढं आल्या आहेत. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्यपदक मिळवलं.  आणि आपल्याच माणमधल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं मैदानं आहेत, खोखो आहे, कबड्डी आहे, पळायला रस्ता आहे. त्या टेकडीवरून जे उचलता येईल ते एवढंच.

पहिलं, वार आणि वेळ ठरलेली हवी. पाऊस, लग्नसराई, काही असो, त्या वेळी मैदान उघडं. दुसरं, मैदानावर दर वेळी गटातल्या दोन बायका हजर हव्यात, पाळीपाळीनं. आपण नुसत्या बसलो तरी मुली येतात, आणि घरचे पाठवतात. परगावी सामना असला तर आपल्यातली एक बरोबर जाते, मग मुक्कामाची भीती उरत नाही. तिसरं, खेळाआधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं, आणि उडी मारल्यावर गुडघे वाकवून टेकायला शिकवायचं. चौथं, बूट लहान झाले की गटाच्या पेटीत जमा, दुसरीच्या पायाला होतील.

आणि पाचवं वहीत लिहून घ्या. डोकं आपटलं की त्या दिवशी खेळ बंद, मुलगी कितीही हट्ट करो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, उजेड नको वाटणं, तेच तेच विचारणं, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरकडं न्यायचं. आणि वारंवार उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, फिट आली, उठवूनही नीट जागी होत नसली, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, तर जराही वेळ न घालवता दवाखाना. १०८ ला फोन करा. झोपून बरं वाटेल म्हणून वाट बघू नका.

आमच्या गटानं जूनपासून शाळेमागच्या मैदानावर शनिवार संध्याकाळ सुरू केली. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या, आता चौदा आहेत. पूर्वी खोखो खेळलेली एक सून शिकवते. कोण पडलं, कुणाला काय लागलं, ते वहीत लिहितो. मी माळ्यावरचे ते बूट काढले. रबर तडकलं होतं, कुणाच्या उपयोगाचे नव्हते. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "टाकून दे ते, आई. मुलींना नवे घ्या. माझ्याकडून चार जोड."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कर्जाचे हप्ते झाले की दहा मिनिटं लागतील. आणि आमचं मैदान बघायचं असेल तर कुठल्याही शनिवारी पाचला या, मी तिथंच असते.

नमस्कार.